चारशे सतरा, मयत

“ऑब्जेक्शन!” मी ओरडलो आणि मग मान वर केली. हा क्रम उलटा असायला हवा होता.

कोल्हापुरातली एक महापालिकेची शाळा, तिसरीचा वर्ग, भिंतीवर बाराखडी. विधानसभेच्या मतदानाचा दिवस, दुपारचे चार वाजून गेलेले. मतदान अधिकाऱ्यानं नुकतंच मोठ्यानं वाचलं होतं, “चारशे सतरा, टिपुगडे अंबुबाई...” माझ्या पुढ्यातल्या यादीत चारशे सतरा नंबरावर लाल पेनाची रेघ होती आणि शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मयत’. मी पुढचं नाव ऐकलंसुद्धा नाही.

“या मतदार मयत आहेत,” मी ठणकावून सांगितलं.

टेबलासमोर चारशे सतरा उभ्या होत्या. धुवट नऊवारी, हातात कापडी पिशवी, चष्म्याच्या एका काडीच्या जागी दोरा. त्यांनी आधी मागं वळून बघितलं, मग मला विचारलं, “कोन मेलंय?”

सगळी रांग हसली. माझ्या शेजारी बाकावर रेहाना मुल्लाणी बसली होती. एम.ए.ला माझ्याच वर्गात, पण त्या दिवशी शिट्टी चिन्हाच्या उमेदवाराची एजंट. मी छत्रीचा एजंट. तिनं ओढणीत तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलू लागले.

हा सूर्य आणि हा जयद्रथ असा मामला होता. पण मी मागं हटायला तयार नव्हतो, आणि त्याला कारण होतं. कारणं देण्यात त्या काळी माझा हात धरणारा हॉस्टेलमध्ये कुणी नव्हता.

तेव्हा आम्ही हॉस्टेलचे बारा जण राज्यशास्त्र शिकत होतो आणि निवडणूक लागल्यापासून बाराही जण प्रचारात होतो. वर्ग ओस पडला. विभागप्रमुख डॉ. ऐनापुरे मॅडमनी शेवटी फळ्यावर नोटीस लावली. प्रचाराच्या दिवसांची हजेरी मिळेल, पण दोन कागद हवेत. एक, ज्याच्यासाठी राबलात त्याच्या कचेरीचं प्रमाणपत्र. दुसरं, ‘मी निवडणुकीत का सहभागी झालो’ यावर स्वतःच्या शब्दांत एक पान. दोन्ही नसतील तर हजेरी नाही, हजेरी नाही तर परीक्षा नाही.

प्रमाणपत्राचं कुणालाच काही वाटलं नाही. पानानं मात्र पोरांची पाचावर धारण बसली.

“मगदूम, तूच लिही बाबा,” माझा खोलीतला जोडीदार नेमगोंडा म्हणाला. “मी का गेलो ते मला लिहिता येत नाही.”

“का गेलास?”

“बुलेट चालवायला मिळती.”

मी लिहिलं, ‘लोकशाहीचा गाभा तळागाळातील मतदारापर्यंत पोहोचवण्यासाठी दळणवळणाची जबाबदारी स्वीकारली.’ नेमगोंडानं ते दोनदा वाचलं. आपण एवढे थोर आहोत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मग रांग लागली. एक जण उमेदवाराच्या कचेरीत पंख्याखाली दुपारभर झोपायचा. त्याच्यासाठी मी ‘पक्ष कार्यालयाच्या अंतर्गत कामकाजाचे शांतपणे निरीक्षण’ केलं. एक जण प्रत्येक फेरी फिरवून फिरवून एकाच मुलीच्या दारावरून न्यायचा. तो ‘महिला मतदारांच्या जागृतीसाठी’ झटत होता. दोघं तर सकाळी छत्रीकडं आणि संध्याकाळी शिट्टीकडं जेवायचे. त्यांना मी ‘तुलनात्मक अभ्यास’ बहाल केला. अकरा जणांची अकरा पानं झाली, एकापेक्षा एक. स्वतःचं बारावं पान मात्र काही केल्या लिहून होईना. वही उघडायचो, पेनाचं टोपण काढायचो, परत लावायचो. वाटलं, दुसऱ्याचं दुखणं सांगणं सोपं असतं. होईल नंतर.

मला काम मिळालं होतं मतदार यादी तपासायचं. आमच्या प्रभागाचे सूत्रधार बापू सासने. अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. त्यांनी माझ्या हातात यादी आणि लाल पेन दिलं.

“सर,” ते मला म्हणाले. बापू सगळ्यांसमोर मला सर म्हणायचे. “घर न् घर फिरायचं. जे मेल्यात त्यांच्यावर लाल रेघ. शिट्टीची पोरं मेलेल्यांच्या नावावर मतं टाकत्यात. मतदानादिवशी तुम्ही आत एजंट म्हणून बसायचं. लाल रेघंवालं कुणी आलं की उठायचं आन् आक्षेप घ्यायचा. तुमचं ते प्रमाणपत्र, संध्याकाळी सहा वाजता माझी सही.”

तीन दिवस मी इमानेइतबारे फिरलो. चौथ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. टिपुगड्यांची गल्ली चढावर, वर पुन्हा दगडी पायऱ्या. शेवटच्या घराचं दार लोटलेलं होतं. मी एक हाक मारली, तीही कुणी ओ देऊ नये अशीच. खिडकी उघडी होती. आत भिंतीवर म्हातारीचा मोठा फोटो, फोटोला चंदनाचा हार, खाली उदबत्तीचं घर, आणि काचेवर रंगानं लिहिलेलं ठळक नाव: श्रीमती अंबुबाई दत्तोबा टिपुगडे. आणखी काय पाहिजे? मी खिडकीतूनच हात जोडले, यादीवर लाल रेघ मारली आणि पायऱ्या उतरून रसाच्या गाड्यावर गेलो.

बापूंनी ती यादी आपल्यापुरती ठेवली असती तरी चाललं असतं. पण त्यांनी तिची एक प्रत यादीच्या सरकारी माणसाला दिली. त्यानंही उन्हाचा विचार करून ती जशीच्या तशी उतरवली. त्यामुळे मतदानाच्या दिवशी केंद्रप्रमुखांच्या हातातल्या सरकारी कागदावरसुद्धा अंबुबाई वारलेल्या होत्या.

केंद्रप्रमुख होते गुरव गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर. दिवसभर ते नियमांचं पुस्तक उराशी धरून बसले होते.

“आक्षेपाचे दोन रुपये ठेवा,” ते मला म्हणाले. मी नाणं ठेवलं. “पुरावा?”

“मी स्वतः घरी जाऊन पाहिलंय.”

“काय पाहिलंस? प्रेत?” रेहाना म्हणाली.

“तू मधे बोलू नकोस.”

“गुरुजी, मी ओळखते यांना. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात.”

“तुम्ही समोरच्या उमेदवाराच्या,” गुरुजी घाम पुसत म्हणाले. “तुमची साक्ष मी कशी धरू?”

अंबुबाईंनी पिशवीतून मतदार कार्ड काढून दिलं. त्यावरचा फोटो इतका काळा होता की तो कुणाचाही असू शकला असता, गुरव गुरुजींचासुद्धा. रांगेतल्या बायका ओरडू लागल्या, “अवो, आमची आक्का हाय ती!” तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतून बापूंचा आवाज आला. त्यांचं मत याच केंद्रावर होतं आणि ते दारातच उभे होते.

“गुरुजी, आमच्या सरांनी घर न् घर फिरून यादी केलीया. शिकलेलं पोरगं हाय. ते काय खोटं सांगंल?” आणि मला त्यांनी हातानंच खूण केली, घट्ट बस. ती गल्ली अख्खी शिट्टीची होती.

गुरुजींनी पुस्तक उघडलं, मिटलं. “यादीत मयत, वर आक्षेप. मी निर्णय घेत नाही. वरच्या साहेबांना बोलवतो. ते आले की बघू. आज्जी, तोवर तिथं बसा.”

“आन् साहेब कवा येनार?”

“दुसऱ्या केंद्रावर मशीन बंद पडलंय. तिथं अडकलेत.”

“पाचला दार लावता न्हवं तुमी?”

गुरुजींनी मान वर करून बघितलं. घड्याळात चार वीस झाले होते.

अंबुबाई आमच्या शेजारच्या बाकावर येऊन बसल्या. तिसरीतल्या पोरांचा बाक तो, त्यांचे गुडघे वर आले. पिशवी मांडीवर ठेवून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नव्हे. नवीन भाजी बाजारात आली की बायका बघतात तसं.

“कवा मेले रे मी?” त्यांनी हळूच विचारलं.

“आजी, मी... खिडकीतनं फोटो बघितला. हार घातलेला.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. “बघितलास? कसा आलाय?”

“चांगला आलाय.”

“येनारच. मेन रोडच्या स्टुडिओत जाऊन काढलाय. न्हाईतर माझी दोन पोरं. थोरला म्हननार धाकट्यानं काढावा, धाकटा म्हननार थोरल्यानं. मागनं रेशन कार्डावरला फोटो मोठा करून लावतील, त्यात मी चोरावानी दिसतीया. म्हनून म्हटलं आपलं आपन करून ठिवावं. हारबी मीच आनला. रोज सकाळी उदबत्ती लावतीया.”

“स्वतःला?” रेहानानं विचारलं.

“मागनं कोन लावतंय का न्हाई, काय भरवसा?” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, “पन तारीख न्हाई बघितलास व्हय? जल्माची लिवलीया. फुडची जागा मोकळी ठिवलीया.”

ती मोकळी जागा खिडकीतून दिसत नव्हती. घरात गेलो असतो तर दिसली असती. घरात गेलो असतो तर चहासुद्धा मिळाला असता.

रेहाना माझ्याकडं बघत होती. आता ती हसत नव्हती. “मगदूम,” ती म्हणाली, “मी त्या पायऱ्या तीन वेळा चढले.”

माझा हात दगडाखाली होता. आक्षेप मागं घेतला तर बापूंची सही गेली, सही गेली तर हजेरी गेली, हजेरी गेली तर सत्र गेलं. गावाकडं वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, पोरगं एम.ए. करतंय. दुसरीकडं म्हातारीचं काय जात होतं? एक मत. छत्रीवाला हजारोंनी येणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. मी डोक्यात कारणं जुळवायला लागलो. नियम. शिस्त. बोगस मतदानाला आळा. अकरा पानं लिहिलेला माणूस मी, बारावंही तिथंच तयार होत आलं.

“आजी,” मी म्हणालो, “तुम्ही ताप करून घेऊ नका. तुमच्या एका मतानं काही फरक पडत नाही.”

“ठाऊक हाय की.”

“मग?”

“मत कुनाला घालायचं त्ये वाटंत ठरिवते मी,” त्या म्हणाल्या. “कवा कवा मशीन म्होरं आल्यावर. त्याचं काय न्हाई. पन घरात मला आक्का म्हनत्यात, गल्लीत टिपुगड्याची म्हातारी म्हनत्यात, सुना तर नुसतं ‘अवो’ म्हनत्यात. पाच वर्सातनं एकदा सरकारचा मानूस चार मानसांत माझं सगळं नाव वाचतोय. टिपुगडे अंबुबाई दत्तोबा. त्यांचं नाव घेऊन, मोठ्यांदा. तेवढ्यासाठनं येतीया मी. आज त्ये तू मदीच तोडलास.”

मी यादीवरची ती लाल रेघ बोटानं झाकली.

“आन् तू रे?” त्यांनी विचारलं. “तू कशापायी करतोस ह्ये? कायतरी मिळत असंल.”

सगळी वाक्यं जिभेवर होती. लोकशाहीचा गाभा, युवाशक्ती, परिवर्तन. पण त्या दोरा बांधलेल्या चष्म्यातून त्या अशा बघत होत्या की मी खरं बोलून गेलो.

“बापू मला सर म्हणतात.”

“कोन, हा सासन्याचा बापू?”

“हो. सगळ्यांसमोर. मला आजपर्यंत कुणीच...” रेहानानं पटकन दुसरीकडं बघितलं, त्याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे.

अंबुबाई हसल्या नाहीत. “मग म्हनू दे की,” त्या म्हणाल्या. “ग्वाड वाटतंच ते. पन पायऱ्या चढत जा.”

चार बेचाळीस झाले होते. मी उठून गुरव गुरुजींच्या टेबलाशी गेलो.

“आक्षेप मागं घेतो.”

“नुसतं मागं घेऊन भागत नाही,” गुरुजी म्हणाले. “माझ्या यादीत बाई मयत आहेत, त्याचं काय?”

“ते माझ्यामुळंच आहे.”

“तसं लेखी द्या मग. सहीनिशी. म्हणजे मी शेजाऱ्यांची ओळख धरतो आणि मोकळा होतो.”

दारातून बापू म्हणाले, “सर, काय चाललंय?” मी तिकडं बघितलं नाही. गुरुजींनी एक कोरा कागद पुढं सरकवला. अकरा पानं झरझर लिहिली होती, त्यात शब्दाला कधी अडलो नव्हतो. इथं चार ओळींना घाम फुटला. ‘मी टिपुगडे यांच्या घरात गेलो नाही. ऊन होते. खिडकीतून फोटो पाहून मयत लिहिले. बाई जिवंत आहेत व माझ्यासमोर बसल्या आहेत.’ खाली सही, उदय तवनाप्पा मगदूम.

गुरुजींनी ते वाचलं, दोन रुपये जप्त झाल्याचं सांगितलं आणि अंबुबाईंना हाक मारली. त्या टेबलाशी आल्या, पण बोट पुढं करीनात.

“गुरुजी, नाव परत वाचा की. मघाशी ह्येनं तोडलं.”

“अहो आज्जी, वेळ...”

“सगळं वाचा.”

गुरुजी मास्तरच. त्यांनी चष्मा सारखा केला, वर्गात वाचतात तसा आवाज लावला, “चारशे सतरा. टिपुगडे अंबुबाई दत्तोबा!”

“हजर!” अंबुबाई म्हणाल्या.

तिसरीच्या त्या वर्गात तेवढं खणखणीत ‘हजर’ क्वचितच कुणी म्हटलं असेल. रांगेनं टाळ्या वाजवल्या. बोटाला शाई लावून घेऊन त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेल्या. बाहेर आल्यावर ते बोट त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. “बघ. मेलेल्याला लावत्यात व्हय?”

बापूंनी संध्याकाळी सही दिली नाही. ते मला सरही म्हणाले नाहीत. “जावा घरला,” एवढंच म्हणाले. छत्री अपेक्षेप्रमाणं हजारोंनी निवडून आली. अंबुबाईंच्या मतानं काहीही फरक पडला नाही.

नेमगोंडा आणि कंपनीची अकरा पानं मॅडमनी मंजूर केली. त्यांना बोलवून त्या म्हणाल्या, “अकराही जणांचे विचार उच्च आहेत. एकाच माणसाचे आहेत, तरी उच्च आहेत.” मी जाऊन घडलं ते पानभर लिहून दिलं, प्रमाणपत्राशिवाय. त्यांनी ते माझ्यासमोरच वाचलं आणि लाल शाईनं शेरा मारला: ‘कारण खरे. नियमात बसत नाही.’ माझं सत्र गेलं. ते पेपर मी पुढच्या वर्षी दिले. वडिलांना मी सांगितलं की पेपर पुढं ढकललेत. त्याला मी काय कारण दिलं ते मात्र इथं लिहीत नाही.

निकालानंतरच्या रविवारी मी टिपुगड्यांच्या गल्लीतल्या पायऱ्या चढलो. दार वाजवलं. अंबुबाईंनी चहा टाकला आणि मला स्टुलावर चढवलं.

“हार काढ त्यो. तुज्यासारकं आनि कोनतरी यील आन् मारून जाईल मला. फुडच्या विलेक्शनला जायचं हाय.”

मी हार काढला. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

त्यानंतर त्या विधानसभेला, लोकसभेला, महापालिकेला, सगळ्या मतदानांना गेल्या. मी तोवर इचलकरंजीच्या एका कॉलेजात लागलो होतो. मला दिवसभर दीडशे पोरं सर म्हणायची. तरी मतदानादिवशी स्वतःचं मत टाकून मी कोल्हापूर गाठायचो आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहायचो. आत गुरुजी कोणीही असोत, नाव सगळं वाचलं जायचं आणि ‘हजर’ रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

मागच्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाचा फोन आला. आई गेली, दिवस झाले, असं सांगून तो अडखळला. “एक राहिलंय. आईनं सांगून ठेवलंय, फोटोला हार त्या कॉलेजवाल्यानंच घालायचा. पहिल्यांदा मारायचा मान त्याचा हाय, म्हनायची.”

मी गेलो. आता मलाही त्या पायऱ्यांना दम लागतो. दोन्ही मुलं, सुना, नातवंडं, सगळी बाहेरच्या खोलीत बसली होती. लग्नानंतर इस्लामपूरला गेलेली रेहाना माझ्याआधी येऊन सुनांच्यात बसली होती. फोटोखालची मोकळी जागा भरलेली होती, ताज्या रंगानं. थोरल्यानं ट्रंकेतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. हार चांगला टिकला होता, थोडा वास पण होता.

मी स्टुलावर चढलो. हार हातात घेऊन जरा थांबलो. मग गुरव गुरुजींसारखा आवाज लावायचा प्रयत्न केला, तो नीट लागला नाही.

“चारशे सतरा,” मी म्हणालो. “टिपुगडे अंबुबाई दत्तोबा.”

नातवंडं माझ्याकडं बघायला लागली. रेहानानं मान खाली घातली. मी आणखी थोडा वेळ वाट बघितली, आणि मग हार घातला.